सरकारची ललकारी

माझ्या बापाने मला मुजरा केला.

मॅरेज गार्डनच्या फाटकात ते उभे होते. अंगात लाल अंगरखा, डोक्यावर तयार बांधलेली पगडी, हातात चंदेरी पत्रा चढवलेली काठी. येईल त्याच्यापुढे कमरेत वाकायचं, हात जमिनीकडे न्यायचा, मग कपाळाला लावायचा. चोपदाराने पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. पायांकडे बघायचं असतं. त्या दिवशी मी मैत्रिणीचे सँडल घालून गेले होते, त्यामुळे पायांवरून त्यांनी मला ओळखलं नाही. वाकले. हात कपाळाला गेला.

मी म्हटलं, "बाबा."

मान वर आली. "तू इकडे कशी काय, बेटा?"

"आमचाच कार्यक्रम आहे हा."

"असं? मला बोलले मोबाइलवाल्यांचं काही फंक्शन आहे." त्यांनी पगडी सारखी केली. तेवढ्यात मागून आणखी चारपाच पोरं आली. बाबांनी मला हाताने हळूच बाजूला सारलं आणि त्यांच्यापुढे वाकले.

पोरं हसत आत गेली. त्यातल्या एकाने मला "बाबा" म्हणताना ऐकलं होतं.

आता हे लग्नाचे थाट ग्वाल्हेरात राहणाऱ्याला सांगायला नकोत, पण बाहेरच्यांसाठी सांगते. इथे ज्याच्याकडे थोडे पैसे आले त्याला राजेशाही लग्न हवं असतं. फाटकात चोपदार, आत तुतारी, नवरदेवाला तलवार. आमचे पूर्वज दख्खनहून फौजेबरोबर इकडे आले, पण तलवार घेऊन नाही. काठी घेऊन आले. सरदार दरबारात शिरला की त्याचे किताब ओरडून सांगायचे, हे आमच्या घरचं काम. दरबार संपला, मॅरेज गार्डन आली, काठी तीच राहिली. बाबांना यात काही वावगं वाटत नाही. मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

मात्र एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली. आवाज. "शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्याला पण अक्षर न् अक्षर पोचलं पाहिजे," असं म्हणत त्यांनी मला शिंदे की छावनीतल्या आमच्या दोन खोल्यांत शब्द घोटायला लावले. म्हणून माझ्या वयाची इथली मराठी पोरं अर्ध्या वाक्यात हिंदीवर घसरतात, तशी मी घसरत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. तिथेही पेशंटचं नाव मी एकदाच पुकारते.

हाच आवाज मला त्या खेळात उपयोगी पडला. मोबाइलवरचा किल्ले जिंकायचा खेळ. एकेका क्लॅनमध्ये, म्हणजे टोळीत, शेकड्याने माणसं. लढाईत कुठून शिरायचं, कुणी आड लपायचं, कधी मागे फिरायचं, हे एकजण माइकवर सांगतो. त्याला आमच्यात कॉल देणं म्हणतात. आमच्या क्लॅनचे कॉल मी द्यायची. गोंगाटात, घाबरलेल्या पोरांच्या कलकलाटात माझं म्हणणं सगळ्यांना कळायचं आणि आम्ही जिंकायचो. कुणी मला कधी पाहिलं नव्हतं. सगळे मला दीदी म्हणायचे.

क्लॅनचा नेता होता सरकार. हे त्याचं खेळातलं नाव. खरं नाव मी इथे लिहिणार नाही, तेवढी त्याची लायकी नाही. ज्या घरांचे किताब आमचे लोक ओरडायचे, तसल्याच एका घरातला. महाराज बाड्याजवळ त्याची टाइल्सची शोरूम. दिवसभर बाथरूमच्या टाइल्स दाखवायचा आणि संध्याकाळी फोन हातात घेतला की सरदार व्हायचा. पूर्वजांनी काय जिंकलं ते त्याला तोंडपाठ. स्वतः काय जिंकलं असं विचारलं असतं तर माझे कॉल सांगावे लागले असते.

त्याने क्लॅनमध्ये बोलण्याच्या खोल्या केल्या होत्या. म्हणजे ज्या खोलीत तुम्ही, तिथल्याच लोकांशी तुम्हाला बोलता येणार. सगळ्याच क्लॅनमध्ये असतात. याने त्यांना नावं दिली: दरबार, दिवाणखाना आणि ओसरी. कोण कुठे बसणार हे खेळावर ठरायचं नाही. नवा माणूस आला की सरकार गोड आवाजात विचारायचा, "आपलं आडनाव?" त्यावरून ठरायचं. मुरारचा सुनील, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, आमच्यातला सगळ्यात पक्का नेमबाज, तो कायम ओसरीत. मला मात्र सरकारने कधी विचारलं नाही. माझं मराठी ऐकून त्याने मला आपल्यापैकीच धरलं आणि थेट दिवाणखान्यात बसवलं. एवढ्या मोठ्या खानदानी कानाला एवढंच कळलं.

मग खेळ काढणाऱ्या कंपनीला सुचलं की प्रत्येक शहरात आपला एक कम्युनिटी अ‍ॅम्बेसेडर हवा. खेळाडूंचा दूत. नव्यांना सांभाळायचं, मेळावे घ्यायचे, कुणावर अन्याय झाला तर ऐकून कंपनीला कळवायचं. ऐकायला छान आहे. पण शोधाशोध कोण करणार? कंपनीने बघितलं, ग्वाल्हेरात मेंढरं सगळ्यात जास्त कुणाकडे आहेत, आणि त्यालाच मेंढरांचा वकील केलं. सरकारच्या नावापुढे सोनेरी बिल्ला आला. ओसरीतल्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण तेव्हा मला यात काही खटकलं नव्हतं. नेता सगळ्यांना ओळखतो, मग तोच दूत असला तर बरंच, असं सगळे म्हणत होते. अजूनही म्हणतात. ओळखतो! तुरुंगाचा दरोगाही कैद्यांना नावानिशी ओळखतो.

तर त्या दूतपदाचा हा पहिला मेळावा, ज्याच्या फाटकात माझा बाप वाकत होता.

मी आत पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. स्टेजजवळ सरकार उभा होता. शेरवानी, गळ्यात मोत्यांची माळ. शेजारी कंपनीची एक बाई, बंगळुरूहून आलेली. फाटकात ज्याने माझा आवाज ओळखला होता तो पोरगा सांगत होता, "सरकार, दीदी के पापा गेट पे हैं! वो डंडे वाले!"

सरकारने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी त्याला पहिल्यांदाच दिसत होते. राग आला असता तर परवडलं असतं. तो खूश झाला.

"अरे वा! तरीच म्हटलं, आवाज खानदानी आहे." सगळीकडे बघून तो हसला. "मग तर आज तूच दे आमची ललकारी. तुमच्या घरचंच काम."

लोक हसले. कंपनीच्या बाईला कुणीतरी इंग्रजीत समजावलं. ती म्हणाली, "सो रॉयल!" आणि फोन काढून शूटिंग सुरू केलं.

सरकारने एकाला फाटकाकडे पिटाळलं. "काठी घेऊन ये रे."

तिथून फाटक दिसत होतं. त्या पोराने हात पुढे केला, बाबांनी काठी दिली. कशाला हवी हेही विचारलं नाही. काठी गेल्यावर रिकामे हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. अंगरख्याला पुसत राहिले.

काठी माझ्या हातात आली. मुठीपाशी बाबांच्या घामाने ओली होती.

मी ललकारी दिली.

का दिली? सुनीलने मला हे बरेचदा विचारलं. सरळ आहे. मी नाही म्हटलं असतं तर ती काठी परत फाटकात गेली असती आणि बाबांना स्टेजवर बोलावलं असतं. माझ्यादेखत माझ्या बापाने त्या टाइल्सवाल्याच्या नावाने गळा काढला असता, आणि तोही मनापासून. ते मला बघवलं नसतं. म्हणून मी काठी आपटली आणि ओरडले, "निगाह रखो! मेहरबान सलामत! ग्वालियर के सरदार, कम्युनिटी के अ‍ॅम्बेसेडर, सरकार पधार रहे हैं!" आवाज खणखणीत लागला. मेला, लाजेनेसुद्धा फाटला नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तो बुजगावण्यासारखा हात पसरून स्टेजवर चढला.

त्याच्या भाषणात एक वाक्य होतं: "मी तुमच्यातलाच एक आहे." मी काठी धरून त्याच्या मागे उभी होते.

परतताना स्कूटर मी चालवत होते. बाबा मागे, मांडीवर अंगरख्याची पिशवी, काठी आडवी धरलेली. मला वाटलं, त्यांनाही लागलंय. मग ते कानाशी म्हणाले, "चांगली दिलीस. पण 'सलामत'वर श्वास लवकर तोडलास. लंबा घ्यायचा असतो तो."

मला स्कूटर तिथेच आडवी पाडावीशी वाटली. पण मागे तेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर मी ओसरीत. कारण कुणी सांगितलं नाही. लढाई सुरू झाली की सरकार मला दरबारात वर घ्यायचा, कारण कॉल कोण देणार? किल्ला पडला की परत खाली. जिंकल्यावर वरची मंडळी काय बोलतात ते मला ऐकू यायचं नाही. आणि भरीला नवा रिवाज निघाला. प्रत्येक लढाईआधी, सगळ्या खोल्या जोडून, मी ललकारी द्यायची. "बेटा, मूड बनतो त्याने," सरकार म्हणायचा. माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठा असेल. आधी मी दीदी होते, आता बेटा झाले. बाबा मला बेटा म्हणतात त्यात माया असते. याच्या बेटामध्ये हुजऱ्याची पोर एवढंच होतं.

मी बरेच दिवस दिली. गळ्याला सवय होते आणि मनालाही होऊ लागते. एके संध्याकाळी लॅबमध्ये एका म्हाताऱ्याचं नाव पुकारताना माझ्या तोंडून तोच लांबवलेला सूर निघाला. म्हातारा दचकून उभा राहिला आणि हात जोडून काउंटरपाशी आला. काही चुकलं का माझं, असं विचारू लागला. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि मागे जाऊन तोंडावर पाणी मारलं. तेव्हा मला स्वतःचीच किळस आली.

त्याच दिवशी मी ॲपमध्ये तक्रार केली. साधी, सरळ. आडनाव विचारून माणसं वेगळी बसवतात. मला बापाच्या धंद्यावरून खाली पाठवलं. मला ललकारी द्यायला लावतात. बटण दाबलं. उत्तर लगेच आलं: आपली तक्रार आपल्या शहराच्या कम्युनिटी अ‍ॅम्बेसेडरकडे पाठवण्यात आली आहे.

मी ते वाचून मोठ्याने हसले. काय डोकं आहे!

संध्याकाळी सरकारने सगळ्या खोल्या जोडल्या आणि माझी तक्रार वाचून दाखवली. शब्दन् शब्द. वाचणं मात्र वाईट, अर्ध्या वाक्यात श्वास संपायचा. मग म्हणाला, "मी दूत म्हणून ही तक्रार ऐकली. क्लॅनचा नेता म्हणून मी याचा खुलासा करतो, की हे सगळं प्रेमाने चाललं होतं. आणि दूत म्हणून मला हा खुलासा पटलेला आहे." वर दरबारात हसण्याचा गडगडाट. ओसरीतून कुणी बोललं नाही. सुनीलसुद्धा नाही. सरकार म्हणाला, "चल बेटा, आता राग सोड. ललकारी दे."

त्या दिवशी मी फोन बंद केला. पण क्लॅन सोडला नाही. दोन दिवसांनी शहरांची लढत होती. ग्वाल्हेर विरुद्ध इंदूर. कंपनी ती लाइव्ह दाखवणार होती, बाहेरचे लोक बघणार होते. सरकारचा निरोप आला, "येतेस ना? तुझ्याशिवाय कोण आहे?" मी लिहिलं, येते.

लढत रविवारी दुपारी होती. बाबा पलंगावर बसून पगडीची जर नीट करत होते. मी कानाला हेडफोन लावला. समोर कंपनीची तीच बाई गोड गोड बोलत होती. मग सरकारचा आवाज आला, जड, दरबारी. "ग्वाल्हेरची परंपरा आहे. आधी ललकारी, मग लढाई."

माझा माइक सुरू झाला.

मी म्हटलं, "मी कॉल देते. ललकारी देणार नाही."

"मजाक मत कर, लाइव्ह आहे."

"म्हणून तर बोलतेय. याच्याविरुद्ध तक्रार केली की ती यालाच वाचायला मिळते. नेता हाच, दूत हाच. याच्या क्लॅनमध्ये आडनाव विचारून बसवतात, आणि ते सांगायचं कुणाला, तर यालाच. माझा बाप चोपदार आहे. तो पोटासाठी वाकतो. तुम्ही लोक तर फुकट…"

तेवढ्यात मला क्लॅनमधून काढून टाकलं. वाक्य अर्धंच राहिलं. पण ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं होतं, त्याची मला खात्री आहे. पुढे ते हरले की जिंकले, मी पाहिलं नाही. काय करायचंय बघून?

बाबांनी पगडी खाली ठेवली होती. "हे काय बोललीस तू?"

"खरं बोलले."

"त्या गार्डनमध्ये सगळ्या फरश्या त्याच्याच आहेत, बेटा. मालक त्याचा दोस्त आहे."

त्यांचं खरं ठरलं. त्या गार्डनमधून त्यांना बोलावणं बंद झालं. लग्नसराई तोंडावर होती. बाबांनी माझ्याशी अबोला धरला. जेवायचे, उठायचे, काठीचा पत्रा घासत बसायचे. मी माफी मागितली नाही. त्यांना दुखावलं त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं, पण माफी कशाची मागायची? नंतर त्यांना ठाटीपूरकडचा एक हॉल मिळाला. ते तिथेही वाकतात. आता बोलतात माझ्याशी, पण त्या दिवसाचा विषय काढत नाहीत.

आणि कंपनी? कंपनीने कळवलं की या प्रकरणी स्थानिक अ‍ॅम्बेसेडरचं म्हणणं ऐकून घेण्यात आलं असून त्यांना त्यात गैर काही आढळलेलं नाही. सरकार अजून दूत आहे. बिल्ला अजून सोनेरी आहे. त्याने नवा कॉल देणारा शोधलाय म्हणे, आणि ते सारखे हरतात. मला याचा आनंद होतो. लपवत नाही.

मला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ओसरी रिकामी व्हायला लागली. आधी सुनील आला. येऊन म्हणाला, "दीदी, उस दिन चुप रहा, गलती हो गई." मग इतर आले. आम्ही नवा क्लॅन काढला. खोली एकच ठेवली. आडनाव विचारायचं नाही. नेता मला केलं, कारण कॉल मीच देते.

आमचा क्लॅन वाढला. आणि गेल्या आठवड्यात मला कंपनीचा मेसेज आला. अभिनंदन. आता मोठ्या शहरांत विभागवार दूत नेमायचे असून, तुमच्या क्लॅनचं नेतृत्व पाहून आम्ही तुम्हाला ग्वाल्हेरच्या मुरार विभागाच्या कम्युनिटी अ‍ॅम्बेसेडर म्हणून निमंत्रित करत आहोत. मी कोण, काय बोलले होते, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मेंढरं मोजून झाली होती, बस.

मी तो मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला. खोलीत जल्लोष झाला. "दीदी, ले लो! अब अपना राज!" सुनीलचा आवाज सगळ्यांच्या वर. आता सरकारला दाखवू, आता तक्रारी आपल्याकडे येतील, आता बघू. आणि त्या आनंदात, गमतीने, अगदी प्रेमाने, सुनीलनेच टेबलावर काहीतरी आपटलं आणि सूर लावला:

"निगाह रखो! मेहरबान सलामत! दीदी सरकार…"

सगळे हसत होते. आणि मला ते आवडलं. एक क्षणभर, पण आवडलं. कानाला गोड लागलं. सरकारला रोज संध्याकाळी काय मिळत होतं ते तेव्हा मला समजलं.

मी म्हटलं, "बंद कर."

"अरे दीदी, मजाक…"

"बंद कर, सुनील. परत नको."

मी सांगितलं, हे दूतपद मी घेणार नाही. कुणी विचारलं, मग दूत कोण होणार? आपलं म्हणणं कंपनीला कोण सांगणार? मी म्हटलं, जो कुणाचाच नेता नाही तो. ज्याला मी काढू शकत नाही, वर-खाली बसवू शकत नाही, ज्याच्याकडे तुम्ही माझी तक्रार घेऊन जाऊ शकाल असा कुणीतरी. सुनील म्हणाला, तुमची तक्रार कोण करणार, दीदी? मी म्हटलं, आज कुणी नाही. करावी लागेल कधीतरी.

तेच मी कंपनीला लिहिलं. मी नेता आहे, म्हणून मला दूत करू नका. उत्तर आलं की हे पद फक्त क्लॅनच्या नेत्यांसाठीच आहे, धोरण तसं आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं. मी लिहीत राहणार आहे. त्यांना कंटाळा येईल, मला येणार नाही. आमच्या घरात एकच गोष्ट पिढ्यान् पिढ्या ओरडून सांगायची सवय आहे.

तोवर ती जागा रिकामी राहील. राहू दे. आणि माझ्या क्लॅनमध्ये माझ्या नावाने पुन्हा कुणी ललकारी दिली, गमतीनेसुद्धा, तर त्याला मी काढणार नाही. त्याच मिनिटाला नेतेपद सोडून मीच चालती होईन. हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, अक्षर न् अक्षर, शेवटच्या रांगेपर्यंत.